ब्याऐंशी किलोंची हवा

"काका, याला ग्रीस कोणी लावलं?"

सायकल दुकानातल्या मेकॅनिक पोरीने पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या फोर्कवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट वर धरलं. आता कौतुक होणार, अशा समजुतीने स्टोअरकाकांनी मान ताठ केली.

"मीच. दर रविवारी. आधी पाइपने धुवायची, मग ग्रीस, मग ते मुरावं म्हणून हँडल दाबून खालीवर करायचं. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून एक रविवार चुकवला नाही."

"म्हणूनच वाट लागली."

स्टोअरकाकांचा उभा जन्म कारखान्याच्या भांडारात गेला होता. त्यांचा कायदा एकच: जुना पार्ट खिडकीवर ठेवा, मग नवा मागा. पार्ट पुरता झिजल्याची खात्री पटेपर्यंत साधा बोल्ट जागचा हलत नसे. मॅनेजरसुद्धा त्या खिडकीपुढे हात टेकत. कायदा घरालाही लागू होता. बायकोने नवा तवा मागितला, तर आधी जुन्याचं भोक दाखवावं लागे.

पोरीने गुडघ्यावर बसून दाखवलं. "पाण्याच्या जोराने माती या रबराच्या आत शिरली. ग्रीसने ती धरून ठेवली, आणि तुम्ही वरून दाबत राहिलात. नळ्यांवर ओरखडे बघा. चालवून झिजली नसती एवढी मायेने झिजली."

"दुरुस्त होईल?"

"हे रबरी सील बदलते. सपाट रस्त्याला पुरेल. डोंगरात उड्या मारायच्या असतील तर नवाच घाला. चालवणार कोण?"

"मुलगा. येतोय पुढच्या आठवड्यात."

"मग नवाच. वजन किती त्याचं? त्या हिशोबाने फोर्कच्या आत हवा भरायची असते."

काकांना मुलाचं वजन ठाऊक नव्हतं. भांडारातल्या वॉशरचं वजन झोपेत सांगणारा माणूस! मुलगा गेला तेव्हा काटकुळा होता. जाण्याआधी शर्यतीसाठी नवा फोर्क मागत होता. "हा झिजू दे, मग बघू," काका म्हणाले होते. पोराने वाद घातला नाही. सायकल भिंतीला टेकवली, ती टेकवलीच. नोकरीच्या गावाहून फोन यायचे ते आईला. काकांच्या वाट्याला 'बाबांना विचारलं म्हणून सांग' एवढंच.

"फोन करा की," पोरगी म्हणाली.

त्यांनी केला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझं वजन किती?"

पलीकडे हसू. "ब्याऐंशी. सुटलोय जरा. का हो?"

"सायकलला नवा फोर्क घालतोय."

"अजून आहे ती? नका घालू, बाबा. गुडघा गेलाय माझा. डॉक्टरांनी सायकल कधीच बंद केली. आईला माहीत आहे."

"मला नाही बोललात कोणी."

"तुम्ही विचारलं नाहीत ना कधी."

आवाजात राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. राग मुळीच नव्हता.

पोरीने नव्या फोर्कचा खोका काउंटरवर आणून ठेवला होता. काकांनी तो हळूच मागे सरकवला.

"हाच दुरुस्त कर."

"बरं. आणि हवा?"

"ब्याऐंशी किलोंची."

"पण काका, तो तर..." तिने सगळं ऐकलं होतं.

"भर तू."

संध्याकाळी काकांनी सायकल हाताने ढकलत घरी आणली. त्यांना चालवता येत नव्हती. ती शिकायचीही कधी गरज पडली नव्हती.

रविवारी सवयीने पाइप उचलला, पुन्हा ठेवला. कोरड्या फडक्याने सायकल पुसली. मग हँडल दाबलं. फोर्क हलला नाही. हवा ब्याऐंशी किलोंची, काका अंगाने किडकिडीत. त्यांना कुठून दाद देणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टाचा उचलल्या आणि सगळा भार दोन्ही हातांवर टाकला.

तेव्हा कुठे फोर्क बोटभर खाली गेला, आणि त्यांना अलगद वर घेऊन आला.