तेरा तास

युद्धामुळे रशियाचं आकाश आमच्या हेलसिंकीच्या विमानांना बंद झालं, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात टोकियोत आमची नात जन्मली. माझ्या नवऱ्याने, तौनोने, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून जाहीर केलं, "हेलसिंकी ते टोकियो, सात हजार आठशे किलोमीटर. साडेनऊ तास."

"आता तेरा लागतात," मी म्हटलं. "वळसा घालून नेतात."

"मग सरळ न्यायला लागले की जाऊ."

तौनो एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर मार्ग आखायचा. वळसा घालणं हा त्याच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न. मीही हट्टाला पेटले, जाईन तर याला घेऊनच. आमच्या रौमा गावात माघार कुणी घेत नाही, तरी लग्नं टिकतात.

दर रविवारी आमची लेक मारयुत फोनवर नातीला, आयनोला, दाखवायची. आयनोला दात आले, ती रांगली, चालायला लागली. तौनो दरवेळी विचारायचा, "तिकडे हवा काय म्हणते?" आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा गोलाकडे बघत बसायचा. असा संताप यायचा मला!

गेल्या महिन्यात एका शनिवारी, सौनातली वाफेची अंघोळ आटोपल्यावर, शेजारचा राइमो ओल्या केसांनी आमच्या पायरीवर कॉफी पीत बसला होता.

"मेव्हणा टोकियोला जाऊन आला," तो म्हणाला. "विमान उत्तर ध्रुवावरून नेतात."

"ध्रुवाजवळून," तौनो म्हणाला.

"अरे बाबा, अगदी वरून!"

तौनोने कप खाली ठेवला. एवढ्या नोकरीत ध्रुव काही त्याच्या वाट्याला आला नव्हता. सोमवारी टेबलावर दोन तिकिटं होती.

"पोटच्या पोरीसाठी जागचा हलला नाहीस, आणि बर्फ बघायला निघालास?"

"बर्फ नाही गं. ध्रुव."

विमान ध्रुवावर आलं तेव्हा तो खिडकीला नाक लावून बसला होता. खाली नुसते ढग.

"दिसलं काही?"

"नाही." जरा वेळाने म्हणाला, "इथून कुठेही जा, दक्षिणच." मग समाधानाने झोपला.

टोकियोच्या विमानतळावर मारयुत रडली, मी रडले. तौनोने सांगितलं, "सात मिनिटं लवकर पोचलो." चार वर्षांची आयनो त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई म्हणते, तुम्ही लांब राहता म्हणून येत नाही. किती लांब?"

"तेरा तास."

"म्हणजे किती वेळा झोपायचं?"

"एकदा."

"एकदाच?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग इतके दिवस काय करत होतात?"

 तौनोचे कान लाल झाले. बरी खोड मोडली, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आयनो माझ्याकडे वळली. "आणि आजी, तू गं?"

एकटीचं तिकीट काढता येतं, हे मला चारही वर्षं माहीत होतं.