गिरीश काकांच्या बेसमेंटमधली तपासणी

डब्लिनला गिरीश काकांकडे गणपती बसला, की मोठ्यांनी वर आरती करायची आणि पोरांना खाली बेसमेंटमध्ये कार्टून लावून द्यायचं, हा तिथल्या मराठी मंडळाचा दरवर्षीचा शिरस्ता. पंच्याऐंशी साली आयत्या वेळी कार्टूनची टेप सापडेना. काकांनी सरळ मंडळातल्याच कांचनच्या पिशवीतून डोकावणारी टेप उचलली. खोक्यावर जपानी चित्र, म्हणजे कार्टूनच! त्यावर कांचनने ‘फक्त वर्गासाठी’ असं इंग्रजीत ठसठशीत लिहिलं होतं, पण वाचतो कोण?

तो मोठ्यांसाठी काढलेला जुना जपानी चित्रपट होता. सरदाराने एका विणकरणीची अब्रू घेतली आणि गावाने तिलाच चेटकीण ठरवलं, एवढीच गोष्ट. पण सगळी जलरंगांत, बरीचशी स्थिर चित्रांतून सांगितलेली. कांचन आर्ट कॉलेजात ॲनिमेशन शिकत होती आणि सोमवारी तिला वर्गात यावरच बोलायचं होतं.

आरती निम्म्यावर आली आणि काकांची धाकटी उत्तरा वर आली. “डॅडी, दॅट लेडी इज क्रायिंग. नोबडी इज हेल्पिंग हर.”

काका खाली धावले. पडद्यावर विणकरणीची उघडी पाठ दिसली मात्र, जो गहजब उडाला म्हणता! “हे असलं घेऊन गणपतीला येतात?” टेप लावली कोणी, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. चारचौघांत मान खाली गेली म्हणून कांचनचे वडील, त्र्यंबक, तिथल्या तिथे गरजले, “ते आर्ट कॉलेज कॅन्सल. सोमवारपासून जायचं नाही.” आई वसुधानेही लेकीला चार शब्द सुनावले. आपलंच नाणं खोटं, तर दुसऱ्याला काय बोल लावायचा?

जेवणं झाली. कॉलेजची टेप निदान परत तरी घ्यावी, म्हणून वसुधा जिना उतरली आणि थबकली. पोरांना केव्हाच अंगणात पिटाळलं होतं. सतरंजीवर मंडळाचे सात पुरुष मांडी ठोकून बसले होते. पुढे गिरीश काका, शेजारी त्र्यंबक.

“काय प्रकार आहे ते चेक करतोय, वहिनी,” काका म्हणाले. नजर पडद्यावरच.

वसुधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. करून सवरून नामानिराळे! आणि यांच्या नादाने आपण पोरीला बोललो, याची तिला मनापासून लाज वाटली. त्र्यंबक गडबडीने टीव्ही बंद करायला उठले.

“बसा खाली,” ती म्हणाली, आणि जिन्यातून हाक मारली, “कांचन, सगळ्या काकूंना घेऊन ये. यांना गोष्ट कळलेली नाही, समजावून सांग.”

डोळे पुसत कांचन आली. तिने टेप मागे नेली आणि पहिल्या चित्रापासून सांगायला घेतलं. सारा गाव विणकरणीकडे बोट दाखवतो, तिथे तिने पॉज दाबला.

“यातल्या एकानेही सरदाराला जाब विचारलेला नाही,” ती म्हणाली.

बायका गिरीश काकांकडे बघत होत्या. काका सतरंजीकडे.

त्र्यंबकांनी घसा खाकरला. “सोमवारी किती वाजता क्लास आहे? मी ड्राइव्ह करतो.”

“मी सोडतेय तिला,” वसुधा म्हणाली. “तुम्ही बसा चेक करत.”