दोन मिनिटांचा माईक

मी माईक बोलतोय. हो, मीच! एरवी लोक माझ्यातून बोलतात, आज माझी पाळी.

माझा जन्म कारखान्यातला, पण बालपण थाटात गेलं. अमेरिकेत, ओहायोतल्या मार्लो शहराबाहेर श्रीमंतांची वस्ती आहे. तिथल्या शाळेच्या नाट्यगृहात मी होतो. मखमली पडदा, गुबगुबीत खुर्च्या! मी चांगला ठणठणीत असताना तिथे नवे माईक आले आणि मला 'गरजूंना द्या' म्हणून शहराच्या शिक्षण मंडळाकडे धाडलं.

मंडळाच्या सभागृहात मी लोकांपुढे उभा राहिलो आणि एकच गाऱ्हाणं ऐकत आलो. शाळा चालतात त्या-त्या वस्तीच्या घरपट्टीवर. तिकडे घरं महाग, म्हणून घरपट्टी भरपूर, म्हणून शाळा ऊबदार. इकडे घरं स्वस्त, म्हणून पोरं कोट घालून गणितं सोडवतात. पोरांनी काय घोडं मारलंय कुणाचं? बोलायला माणशी दोन मिनिटं. ती संपली की अध्यक्ष हॉलब्रूकसाहेब बटण दाबून माझा गळा आवळतात. अस्सा संताप यायचा!

जानेवारीत कॅनल स्ट्रीटची शाळा बंद करायचा ठराव आला. वर्ग गरम ठेवणारा बॉयलर बिघडलेला, दुरुस्तीला पैसा नाही. पोरांनी दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं म्हणे.

त्या संध्याकाळी शेजारच्या चर्चची गायकमंडळी आली. पुढे व्हर्नेटाबाई. त्यांची नात त्याच शाळेत.

"साहेब, माझी झाराया वर्गात हातमोजे घालून लिहिते. शिक्षिका म्हणतात, अक्षर सुधार. कसं सुधारणार, जोवर..."

बटण! मी गप्प.

रांगेत त्यांच्या मागे उभा असलेला गायक कॅल्विन पुढे सरकला. नव्या माणसासाठी मला चालू करणं भाग होतं.

"...जोवर वर्गात पोरांच्या तोंडून वाफ निघतेय? आणि ह्या सभागृहात मात्र..."

बटण! लगेच त्याच्या मागची बाई. "...मात्र तुम्ही कोट काढून बसलाय, आणि वर नवा गालिचाही मंजूर केलाय!"

चर्चमध्ये लांब सूर धरताना ते असंच करतात. एकाचा श्वास संपला की दुसरा सूर उचलतो, ऐकणाऱ्याला तुटल्याचं कळतही नाही.

"हा काय पोरखेळ चाललाय?" हॉलब्रूकसाहेब कडाडले.

"नियम तुमचाच, साहेब," कॅल्विन जागेवरून ओरडला. "रांग दारापर्यंत आहे. जेवून आलात ना?"

सभागृह खदखदून हसलं. रांग सरकत राहिली आणि वाक्य काही संपेना. शेवटी मंडळाच्या एक सदस्या, श्रीमती ओकाफोर, उठल्या. "बास झालं. गालिचा राहू द्या बाजूला. त्या पैशातून आधी बॉयलर. शाळा चालूच राहील. मतं घ्या."

एकेक हात वर गेला. शेवटचा हॉलब्रूकसाहेबांचा. अरे, काय तो जल्लोष! माझ्या अंगात तर वीजच नाचली.

व्हर्नेटाबाई पुन्हा माझ्यापाशी आल्या.

"बाई, तुमची वेळ संपलीय," साहेब पुटपुटले.

"बोलायचं नाहीये. गायचंय."

साहेबांनी बटणावरचा हात काढून घेतला.

कॅनल स्ट्रीटची शाळा आता ऊबदार आहे. मी अजून इथेच उभा आहे, आणि शाळा बंद करायचे ठराव अजून येतात. तुमच्या शाळेचा आला तर जरूर या. फक्त एक विनंती आहे, एकटे येऊ नका.