न दिलेला अर्ज

मित्रांनो, काळ्या रेक्झिनची, डाव्या चाकाशी कुरकुरणारी एक जुनी व्हीलचेअर तुमच्याशी बोलते आहे. अणदूरच्या मुनवरभाई शिंप्यांनी मला आणले, तेव्हा त्यांची सानिया सातवीत होती. जन्मापासून तिच्या पायांत जोर नव्हता. माझी चाके स्वतःच्या हातांनी फिरवत ती शाळेत जाई. गणितात इतकी हुशार, की बारावीच्या निकालादिवशी सरांनी कौतुकाने माझ्याही पाठीवर थाप मारली.

पुढे विद्यापीठात तिला संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला. तिच्यासाठी मुनवरभाई आणि फातिमाबी गाव सोडून शहरात खोली घेऊन राहिले. असे मायाळू आईबाप मी दुसरे पाहिले नाहीत.

पहिल्या दिवशी कार्यालयातल्या बाईंनी सानियाला विचारले, "तुला काही अडचण आहे का?"

"काय न्हाय, म्याडम. मी हाय की," मुनवरभाईच म्हणाले. सानियाने उघडलेले तोंड मिटले.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. मुनवरभाई तिला पाठीवर घेऊन चढत आणि मी जिन्याखाली रिकामी उभी राही. अब्बांना मधेच बोलवावे लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे.

"अब्बा, वर्ग खाली भरवा असा अर्ज मी देते," ती एकदा म्हणाली.

"नको लेकरा. तुझ्या एकटीपायी साऱ्यांना कशाला तरास? लोकं नावं ठेवतील."

लिहिलेला कागद तिने वहीत ठेवून दिला.

तिसऱ्या आठवड्यात ओल्या पायरीवरून मुनवरभाईंचा पाय सरकला. दोघेही पडले. सानियाचा उजवा हात मोडला.

"बास झालं आता. घरी चला," फातिमाबी म्हणाल्या. सानियाला कुणी विचारले नाही. प्रवेश रद्द झाला.

दिवाळीत तिच्या वर्गातली निकिता अणदूरला भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "आता वर्ग खालीच भरतोय. शिवपुत्र म्हणून एक जण आलाय, कुबड्या घेऊन चालतो. त्यानं अर्ज दिला. चार दिवसांत खोली बदलली."

मुनवरभाईंचे शिलाई मशीन थांबले. निकिता गेल्यावर ते लेकीजवळ येऊन बसले.

"चुकलो मी, सानिया. पुढच्या साली परत जाऊ. अर्ज तू लिही. मी मधी बोलणार न्हाय."

"मला आता न्हाय जायचं, अब्बा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

तिचा हात नीट जुळला नाही. माझी चाके आता तिला फिरवता येत नाहीत.

मित्रांनो, मला तेलपाणी नाही मिळाले तरी चालेल. पण तुमच्या घरात, वर्गात सानियासारखे कुणी असेल, तर त्याचे उत्तर तुम्ही देऊ नका. आईबाबांनाही सांगा, प्रश्न विचारून थोडे थांबा. त्याला बोलू द्या. मुनवरभाई आता रोज तिला विचारतात आणि थांबतात. सानिया काही बोलत नाही.