दोरावरचे कुंकू

मी एक जुना दोर आहे. खरे तर आता स्वतःला दोर म्हणवून घ्यायलाही संकोच वाटतो. हातभर तुकडाच उरलो आहे. पण मित्रांनो, एके काळी मी शंभर हात लांब होतो आणि एक माणूस रोज माझ्यावर आपला जीव टांगत असे.

त्याचे नाव मच्छिंद्र. राहणार पुण्याजवळच्या मांजरी गावचा. वाळलेली, धोक्याची झाडे वर चढून तुकड्यातुकड्याने उतरवणे हे त्याचे काम. पेठेतल्या दुकानदाराने आधी त्याच्यापुढे स्वस्त नायलॉनचा दोर टाकला होता. "ओझं बांधायला तो बरा," मच्छिंद्र म्हणाला, "मला माणूस बांधायचाय." मग त्याने मला निवडले. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वर निळे विणकाम. फांद्या ओढायला त्याने मला कधीच लावले नाही.

त्याचे नियम कडक होते. आधी तो खोड ठोकून पाही. आवाज पोकळ आला, तर त्या झाडाचा भरवसा न धरता शेजारच्या भक्कम झाडाच्या बेचक्यात मला अडकवी. करवत चालवताना खोडाभोवती पोलादी तारेचा दुसरा पट्टाही घेई. करवतीला दोर आणि फांदी यांतला फरक कळत नाही. बुटांचे लोखंडी काटे फक्त काढायच्या झाडावर. जगणाऱ्या झाडाला त्याने कधी टोचले नाही. आणि रोज सकाळी तो मला बोटांतून इंच इंच सरकवत तपाशी.

त्याची बायको सरुबाई खाली उभी राहून माझे टोक सांभाळी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, तेव्हा तिने मला पाटावर ठेवून ओले कुंकू लावले. आदल्याच दिवशी करवतीचे टोक मला ओझरते लागले होते. कुणाला ते दिसले नव्हते, आणि सरुबाईचे बोट नेमके त्या जखमेवर टेकले.

त्यानंतर मच्छिंद्रची बोटे तिथवर आली की थांबत. तो हात कपाळाला लावी आणि तेवढी जागा सोडून पुढे जाई. पूजेचे कुंकू चोळायचे कसे? मला बोलता येत नव्हते. आणि खरे सांगू? तो मान मला आवडतही होता.

चारच दिवसांनी कोथरूडला एक वठलेला गुलमोहर काढायचा होता. तो निवृत्त शिक्षक अनंतरावांच्या छपरावर कलला होता. ते फाटकातच उभे होते.

"सातची वेळ दिली होतीत. साडेआठ झाले. झाड अजून पडलं नाही, हे त्याचे उपकार."

गुलमोहराचे खोड पोकळ वाजले, म्हणून मच्छिंद्रने मला शेजारच्या कडुनिंबावरून घेतले आणि कमरपट्ट्यात बांधले. तो दोन पावले वर चढला. सरुबाईने मला ताणून पाहिले. तिच्या तळव्याला कुंकू लागले, आणि कुंकवात पांढरी लव.

"थांबा! खाली या आधी."

"काय झालं?"

"दोराचा कापूस निघतोय."

"पूजेचं कुंकू हाय ते. पुसू नको, सरू."

"मी लावलंय, मीच पुसते," ती म्हणाली. "दोराचं राहिलं आन् माझं गेलं, तर?"

तिने पदर ओला करून मला चोळले. निळे विणकाम फाटले होते. आतला गाभा निम्मा तुटला होता.

मच्छिंद्र उतरला आणि मातीतच बसला. अनंतराव आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. वेळेबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

मी त्या दिवशी तुटलो असतो का? मला खरेच माहीत नाही. हा विचार मात्र अजून सोडत नाही.

"कपडे वाळत घालायला द्या की," अनंतराव हळूच म्हणाले.

"नको काका. अख्खा दिसला, की कुणीतरी चढणारच." मच्छिंद्रने तिथेच माझे हातहातभर तुकडे केले. झाड दुसऱ्या दिवशी नव्या दोराने उतरले.

जखमेचा तुकडा सरुबाईने ठेवून घेतला. तोच मी. मच्छिंद्रच्या टेंपोत समोर टांगलेला असतो. आता खंडेनवमीला कुंकू पाटाला लागते, दोराला नाही. आणि रोज सकाळी नवा दोर बोटांतून सरकतो, सगळाच्या सगळा.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर आपला जीव आहे त्याला नमस्कार जरूर करा. पण आधी त्याच्यावरून हात फिरवा.