चार वेळा, एकेक थेंब

साधनानं धुतलेले हात पुसले, बाटली हलवली आणि काकींचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. खालची पापणी बोटानं ओढून, बाटलीचं टोक कुठं लागू न देता तिनं एक थेंब सोडला. मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा हलकेच दाबून ती मिनिटभर तशीच बसून राहिली.

स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलणाऱ्या गोजाबाईला ते मिनिट फार लांबलं.

साधना तिची सून. पण सहा वर्षांत सासूच्या कपाळाला तिनं कधी हात लावला नव्हता. आणि ही धाकटी जाऊ, इंदुताई, मूल ना बाळ, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, डोळ्याला आतून सूज आल्यापासून रोज त्या मांडीवर डोकं टेकत होती. हे असं पहिल्यापासूनच. चऱ्होलीत आता ही सात मजली इमारत आहे तिथं हरभऱ्याचं रान होतं, तेव्हा नव्या नवरीचं, इंदूचं, डोकं दोघींच्या सासूनं स्वतः शिकेकाईनं चोळून धुतलं होतं. पाणी तापवायला गोजाबाई होती.

"डोळा तर पांढराफेक झाला की," ती म्हणाली. "आजून किती दिस लाड चालायचं?"

"आई, हे स्टिरॉइड आहे. बरं दिसलं म्हणून एकदम थांबवलं तर सूज उलटते. मनानं जास्त घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो. डॉक्टर तपासून कमी करत नेतात. दिवसाला सहा वेळांचे चार वेळा झालेत." साधनानं बाटलीचं झाकण लावलं. "आणि उद्या, परवा तुम्हालाच घालायचंय. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मला निगडीला जावं लागेल."

"मला? माजा हात भाकरी थापायचा."

"डोळा थापू नगा म्हंजे झालं, आक्का," मांडीवरून इंदुताई म्हणाली.

साधना हसली. गोजाबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं थेंब घातला. पहिले दोन गालावर गेले, तिसरा डोळ्यात. अकराला साधनाचा फोन आला. काकींना उजेड खुपतो का, काकी जेवल्या का, काकींना झोप लागली का. गोजाबाईच्या दुखऱ्या कंबरेचं काही विचारलं नाही.

बाराला बाटली फडताळातच राहिली. चारलाही राहिली. इंदुताईनं दोनदा घड्याळाकडं पाहिलं, पण मागितलं नाही. रात्री आठलाही बाटली तिथंच होती, तरी फोनवर गोजाबाई "व्हय, घातलं" म्हणाली, आणि इंदुताई समोर बसून भाजी निवडत राहिली.

सकाळी इंदुताई गॅलरीकडं पाठ करून, डोळ्यावर पदर धरून बसलेली दिसली.

"खुपतंय का गं?"

"जरासं."

गोजाबाईनं पदर बाजूला केला. बुबुळाच्या कडेनं लाली धरली होती. तिला पहिला विचार आला तो सुनेचाच. आता हे उलटणार. चाराचे पुन्हा सहा होणार, कदाचित तासातासाला. आणि साधना येऊन ही मांडी पुन्हा पसरून बसणार.

ती तशीच उठली आणि कोपरापर्यंत हात धुऊन आली. इंदूचं डोकं मांडीवर घेतलं. कालचे राहिलेले भरून निघावेत म्हणून दोन-तीन थेंब घालावेत, असं वाटलं. पण फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर साधनानं 'एकच' लिहून खाली रेघ ओढली होती. तिनं एकच घातला. कोपरा दाबून मनात साठ मोजले. इंदूच्या डोक्याचा भार इतका कमी असेल असं तिला वाटलं नव्हतं. केसांतून टाळू दिसत होती.

साठ झाले तरी तिनं बोट काढलं नाही.

बाराचा आणि चारचा थेंब घड्याळ लावून झाला.

रात्री आठच्या सुमारास साधना आली ती चप्पल काढता काढताच काकींच्या डोळ्याशी वाकली.

"लाल कसा झाला? थेंब चुकले का?"

"काल तीनदा मीच नगं म्हनले," इंदुताई म्हणाली. "आक्का मागं लागल्या व्हत्या."

गोजाबाईची कानशिलं तापली. हा मोठेपणाही हिनंच घ्यावा.

"खोटं बोलती ती. तिनं मागितलं न्हाई आन म्या घातलं न्हाई. डागदरला बी तसंच सांग."

साधनानं मोबाइल काढला आणि दवाखान्यात फोन लावला. जे झालं ते तिनं तसंच्या तसं सांगितलं.

"सकाळी नऊला बोलावलंय," फोन ठेवून ती म्हणाली. "तोवर चार वेळाच चालू ठेवायचं. आठ वाजले. काकी, या."

हात धुऊन ती सोफ्यावर बसली आणि बाटलीसाठी हात पुढं केला.

इंदुताई मात्र खाली सतरंजीवर होती तिथंच, गोजाबाईच्या बाजूला कलून, मान मागं टाकून थांबली होती. डोळे मिटलेले.

गोजाबाईनं हात धुऊन आणलेली बाटली सुनेच्या हातात दिली नाही. ती हलवू लागली.