खुर्ची मिटलेली असताना

पिकअपवाल्याने इंजिन बंदही केलं नाही. मागच्या फळीवरून नवी बॅटरी आणि फावडं उतरवून दिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वारा सुटायच्या आत मला डांबरी रस्त्याला लागायचंय." त्याची धूळ खाली बसेपर्यंत कोरीन तिथेच उभी राहिली. आता इथून बाहेर पडायचं तर वडिलांच्या व्हॅनमधूनच.

व्हॅन पाठमोरी उभी होती. चाकांपाशी वाऱ्याने वाळू आणून लोटली होती. पुढच्या काचेवर सरकारी नारिंगी पट्टी चिकटवलेली होती: गाडी हलवायची मुदत संपली, उद्या उचलणार. उचललेल्या जुन्या गाड्या सरळ भंगारात जातात, हे कोरीनला कचेरीतल्या बाईने फोनवर जांभई देत सांगितलं होतं.

नेवाडातल्या या खारट सपाटीच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर कोणालाही फुकट मुक्काम करता येतो. नळ नाही, वीज नाही, विचारणारं कोणी नाही. एल्डन, कोरीनचे वडील, आई गेल्यावर घर विकून या व्हॅनमध्ये राहायला गेले आणि दर हिवाळ्यात इथे येत राहिले. इथेच गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. लगेच गेले नसावेत, काही काळ पडून असावेत, असंही म्हणाले. हे दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

कारण हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर हॉलिस आणि वर्लाचा ट्रेलर उभा होता. तो आताही तिथेच होता. दोघं नवरा-बायको दारापुढे खुर्च्या टाकून, मिरवणूक बघायला बसावं तसे बसले होते.

"आली बघ," वर्ला म्हणाली. कोरीनला ऐकू जावं म्हणूनच म्हणाली. "पोलीस मागून येत असतील."

"येऊ दे की. गादी सरळ करून ठेव," हॉलिस म्हणाला. "मागच्या खेपेला त्यांना उलटी करायला फार आवडली होती."

कोरीनने बॅटरी उचलली. शेरीफच्या माणसांपुढे ती जे बोलली होती ते तिला आठवत होतं, आणि त्यातला एकही शब्द परत घ्यायची तिची तयारी नव्हती.

बॅटरी बसली. किल्ली फिरवताच इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. तिने हळूच गिअर टाकला. व्हॅन हातभर हलली, मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि बूड खाली बसलं. उतरून पाहिलं तर वाळू आसाला लागलेली. वाळूत पकड मिळावी म्हणून तिने चाकांतली हवा कमी केली, फावडं घेतलं आणि खोदायला सुरुवात केली. जेवढं काढावं तेवढं कडेने परत आत येत होतं.

"खोद, खोद," हॉलिस ओरडला. "पाणी लागलं तर आम्हालाही सांग!"

त्याचा मोठा ट्रक ट्रेलरच्या बाजूला उभा होता. पुढच्या बंपरवर ओढायची तार गुंडाळलेली होती. कोरीनने तिकडे न बघायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी तळहात सोलवटले तेव्हा फावडं रोवून ती त्यांच्याकडे चालत गेली.

"ट्रकने ओढून द्याल?"

"देऊ की. त्यात काय आहे!" हॉलिस म्हणाला. "आधी तू एक काम कर. त्या टेकाडावर चढलं की फोन लागतो. शेरीफला सांग, आम्ही एल्डनला मारलं नाही म्हणून."

"मारलं असं मी म्हटलंच नव्हतं. मरू दिलं, असं म्हटलं होतं."

"वा! फारच बारीक कातते हो ही," वर्ला नवऱ्याला म्हणाली. मग कोरीनकडे वळली. "खिडक्यांना आतून चंदेरी कागद लावलेला होता. खुर्ची मिटून दाराला टेकवलेली होती. या रस्त्यावर कोणाची खुर्ची मिटलेली असली की त्याच्याकडे कोणी जात नाही. रस्त्यातच चूल पेटवली तरी जात नाही."

"किती दिवस मिटलेली होती?"

"मोजत नाही आम्ही."

"मोजायला हवे होते."

वर्ला उठून उभी राहिली. बाई बुटकी होती, पण उभी राहिल्यावर हॉलिसने आपले पाय मागे घेतले.

"पोरी, हा नियम कोणाचा ते ठाऊक आहे तुला? तुझ्या बापाचा. आमच्याआधी तो इथे होता. पहिल्या हिवाळ्यात तो खोकताना ऐकून मी बीन्सचं सूप घेऊन गेले. दार वाजवलं. त्याने फटीएवढं दार उघडलं. म्हणाला, बाई, खुर्ची मिटलेली दिसत नाही का? मी एवढ्या लांब लोकांचं सूप प्यायला आलो नाही. आणि माझ्यादेखत वाळूत ओतलं. सगळं! मग भांडं घासून परत दिलं. वसंत येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही."

कोरीनला हे खोटं आहे असं म्हणायचं होतं. पण ते भांडं घासणं खोटं रचता येण्यासारखं नव्हतं. एका नाताळात ती स्वतः न कळवता इथे आली होती, व्हॅनपासून थोड्या अंतरावर गाडीतच झोपली होती. सकाळी उठली तर व्हॅन नव्हती, चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. नंतर बाबा फोनवर तासभर हवामानाबद्दल बोलले होते.

"तुम्ही दार वाजवलं असतं," ती सावकाश म्हणाली, "तर त्यांनी शिव्याच दिल्या असत्या."

"मग झालं तर!" हॉलिस म्हणाला.

"त्या खायच्या होत्या. शिव्या खाऊन तुमचं काय गेलं असतं?"

वर्लाचा चेहरा विटेसारखा लाल झाला. "ट्रक हलणार नाही," ती म्हणाली. "समजलं? जा, खोद."

वारा सुटला होता. सपाटीवरून पांढरी धूळ जमिनीलगत सरपटत येत होती. कोरीन व्हॅनचं मागचं दार उघडून आत शिरली. बाबांचा पलंग तिथे होता, त्यांनी स्वतः रंधा मारून बसवलेला, पाइनच्या लांब फळ्यांचा. गादी शेरीफच्या माणसांनी नेली होती. फळ्यांना तेलाचा हात दिलेला होता. मधल्या भागात त्या अंगाने गुळगुळीत झाल्या होत्या. यातलं काही बिघडू नये म्हणूनच तर ती इथवर आली होती. ती थोडा वेळ कडेला बसली. मग खणातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि एकेक फळी सोडवायला लागली. स्क्रू पक्के होते. बाबांनी कधी काही सैल बसवलं नव्हतं.

फळ्या तिने मागच्या चाकांपुढे खुपसल्या, बुटाच्या टाचेने ठोकून जितक्या आत जातील तितक्या. हॉलिस उभा राहून बघत होता.

पहिल्यांदा चाकांनी फळ्या मागे फेकल्या. दुसऱ्यांदा एक फळी मधोमध मोडली. तो आवाज तिला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. तिसऱ्यांदा व्हॅन फळ्या भरडत वर चढली, डुलली आणि रस्त्यावर आली. थांबली तर पुन्हा रुतेल या भीतीने कोरीनने ट्रेलरपर्यंत वेग सोडला नाही.

तिथे जमीन टणक होती, आणि वर्ला रस्त्यात आडवी उभी होती. कोरीनने काच खाली केली.

"फळ्या टाकून चाललीस," वर्ला म्हणाली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, ती ते मागे सारत नव्हती.

"मोडल्यात. चुलीला घ्या. इथे लाकूड मिळत नाही तुम्हाला."

"त्याचं लाकूड आम्ही जाळणार नाही."

"मग नका जाळू."

"तू सांगू नकोस मला!" वर्ला ओरडली. तिने व्हॅनच्या पत्र्यावर हाताने जोरात थाप मारली आणि बाजूला झाली.

कोरीनने काच वर केली. आरशात वर्ला वाकून, डोकं खाली घालून वाळूतल्या फळ्यांकडे चालत जाताना दिसली. मागून हॉलिस तिला हाका मारत होता. मग धुळीने दोघंही दिसेनासे झाले.